कळपातून पळालेला ह

१३ जानेवारी, संक्रांतीचा आदला दिवस

चि. रामप्रसाद,

आईचा आशीर्वाद. तू फोन उचलत न्हाईस म्हून पत्र लिवायलेय. पत्राचं एक बरं हाय, ते वाजत न्हाई आन् कट बी करता येत न्हाई. फाडायचं तर फाड, पर फाडायच्या आधी नजर पडतीच.

अक्षर माझंच हाय. तुला वाटंल कुणाकून तरी लिवून घेतलं. पोखर्णीला माहेरी मी दोन वर्सं शाळेत गेले, मग लगीन झालं. पुढं एसटीच्या पाट्या आन् खताच्या पोत्यावरची नावं वाचून वाचून अक्षर जित्तं ठेवलं. तुझा चाकणचा पत्ता दैवशालानं दिला. बायकोवर रागवू नको, मीच तिच्या मागं लागले. ती काय करील, सासू म्हणती दे आन् नवरा म्हणतो देऊ नको.

तीळ यंदा बरा झालाय. तुझ्या वाटचे लाडू डब्यात ठेवलेत. शेळ्या आता थोड्याच हायत, बारकीला दोन पाटी झाल्या, दोन्ही करडं गुटगुटीत हायत. बारकी म्हंजी ती कानतुटकी, तू गेलास तवा ती पोटात होती, तुला कशी ठाऊक असणार. असू दे. तर मुद्दा.

शनिवारी शाळेत पालकांची बैठक झाली. पोरींच्या आया नटूनथटून आल्या होत्या. पोरांकडून कुणीच न्हाई, योगीराजची आजी म्हून मी एकली. मराठीला दिपालीबाई नव्या आल्यात, परभणीहून स्कूटीवर येतात, डोक्याला रुमाल बांधून. त्या म्हणाल्या, "आजी, आठवीतल्या मुली सगळ्या नीट वाचतात. मुलांमधले सात जण अडखळतात. तुमचा योगीराज डोक्यानं चांगला आहे, पण जसं बोलतो तसं लिहितो. मोठ्यानं वाच म्हटलं की मान खाली घालतो. म्हणतो, मी ढ आहे."

शेजारची बायनाबाई तिथंच होती. तिची नात वर्गात पयली येती, म्हून ती सगळ्यात पुढं बसती. ती म्हणाली, "भिवरे, शेळ्यामागचं पोरगं हाय, त्याला काठी दे. पेन काय देतीस?"

मी म्हणलं, "काठी बी देते आन् पेन बी. हात दोन हायत त्याला."

बाईनं एक गोष्ट सांगितली. आठवीला आता खरी परीक्षा हाय. नापास झाला तर जूनला परत घेतात, त्यात बी गेला तर त्याच वर्गात बसवतात. तवा मला तुझं बोलणं आठवलं. दोन वर्सामागं दिवाळीला ओट्यावर उभा ऱ्हाऊन तू म्हणलास, "आठवीत नापास झाला की मी त्याला माझ्यासंगं गोदामात नेणार. मला शाळेनं हाकललं, त्याला काय डोक्यावर घेणार हाय? तवर माझ्याशी बोलू नको."

दोन वर्सं मी बोलले न्हाई, परवा फोन केला तर तू उचलला न्हाईस. पर तू बोलू नको म्हणलास, लिवू नको म्हणला न्हाईस.

तर ऐक. योगीराज पास होणार. कसा होणार ते मला आज ठाऊक न्हाई. पर कपारीत अडकलेली शेळी मी शिंगाला धरून बाइर काढलीय, हा तर माझा नातू हाय.

तुझी आई

पाकीट बंद करायच्या आधी हे लिवायलेय. योगीराजनं मागून डोकावून पत्र वाचलं आन् हसला. "आजे, 'हाय' न्हाई लिवायचं. 'आहे' लिवायचं असतं." मी त्याच्या तोंडाकडं बघतच बसले. ज्याच्या वहीत बाई ह्याच चुकांना गोल करतात, त्याला माझ्या पत्रातली चूक दिसली. दुकानातून लाल पेन आणला आन् त्याच्या हातात दिला. म्हणलं, "तुझा बाप हुशार हाय, माझ्या चुका बघून हसंल. तू दुरुस्त कर." कागदावर ज्या लाल खुणा दिसायल्यात त्या त्याच्या हायत. थोड्याच सापडल्यात. पर जीभ बाइर काढून बसला होता, तू बसायचास तसा.


१५ फेब्रुवारी

चि. रामप्रसाद,

आशीर्वाद. तुझं उत्तर न्हाई. नसू दे, आमी वाट बघतो, मला सांगायलाच लय हाय.

तुझ्या पोराच्या चुकांचं मूळ मला सापडलं. सगळा घोळ एका ह चा हाय. आपण बोलतो "आमी", पुस्तकात ह असतो. "तुमी"त बी तेच. "पयला" आन् "बाइर" मधून तर तो साफ गायब. आन् जिथून गेला तिथून जाऊन घुसतो कुठं? "हाय" मधी तो पुढं पळून येतो, पुस्तकात त्याची जागा मागं हाय. "न्हाई" मधी न च्या कुशीत दडून बसतो. मी योगीराजला म्हणलं, "लेकरा, हा ह आपल्या बारकीसारखा हाय. आपल्या कळपात ऱ्हात न्हाई, दुसऱ्याच्या रानात सापडतो."

तो लय हसला. मग म्हणाला, "आजे, बारकीला मी कुठं बी वळखतो."

"मग ह ला बी वळख."

तुला आठवतं का, तुझा बाप सांजच्याला फाटकात कसा उभा ऱ्हायचा? मेंढरं कधी मोजली न्हाईत त्यानं. मोजू नयेत, नजर लागती. एकेकाचं तोंड बघून आत घ्यायचा, आन् एक जरी कमी असलं तर लगेच म्हणायचा, "काळतोंडी आली न्हाई." तीच तऱ्हा मी योगीराजला लावली. ओळ म्हंजी फाटक. एकेक शब्द तोंड बघून आत घ्यायचा. आधी तो काय करायचा, पयलं अक्षर बघायचा आन् बाकीचा शब्द मनानं म्हणायचा. कळप हुसकावल्यावानी. आता बोट ठेवून वाचायलाय, हळू, पर एक शब्द बाइर ऱ्हात न्हाई.

मुंजाजी आन् आदिनाथ, त्याच सातातले दोघं, ते बी यायलेत ओट्यावर. त्यांना बी लाल पेन पायजे म्हणून भांडले. पोरांचं काय असतं, तू चुकलास म्हणलं की ती पळतात, आजी चुकली म्हणलं की गोळा होतात. माझ्या पत्रावर तिघं तुटून पडतात, जशा शेळ्या बाभळीच्या शेंगांवर. मुंजाजीनं परवा "हवा" शब्दातला बरोबर ह काढून टाकला, आन् दोघांनी त्याला असा चिडवला की तो रडायला आला. मी तिघांना चुरमुरे दिले.

दिपालीबाई घरी येऊन गेल्या, आमी सगळे ओट्यावरच होतो. म्हणाल्या, "आजी, मी मुलांना सांगत होते, घरी पण शुद्ध बोला."

मी म्हणलं, "बाई, मी शेळीशी शुद्ध बोलले तर ती पान्हा सोडणार न्हाई."

हसल्या. मग मी सांगितलं, आपलं बोलणं घरचं लुगडं हाय, पेपरातलं बाजाराचं. दोन्ही आपलीच. बाजाराला जाताना बदलायचं, घरचं फाडून टाकायचं न्हाई. बाईनं ते वहीत लिवून घेतलं. माझं बोलणं एका मास्तरीणबाईनं वहीत लिवलं, रामप्रसाद. दोन दिवस मी बायनाबाईच्या दारावरून मुद्दाम हळू चालले.

आम्ही सगळे खुशाल हाओत. तब्येत जप.

तुझी आई

ही चिठ्ठी वेगळी हाय, लाल पेन झाल्यावर पाकिटात सारली. योगीराजला सांगू नको. मला ह च्या जागा कवाच कळल्यात. मी मुद्दाम चुकायलेय. न्हाईतर पोरं धरतील काय?


९ मार्च

रामप्रसाद,

काल तू दैवशालाच्या फोनवरून योगीराजशी बोललास. माझ्याशी न्हाई बोललास ते असू दे. पर तू त्याला म्हणलास की खोली बघितलीय, एप्रिल संपला की ये, गोदामात तुझ्या नावाचं सांगून ठेवलंय. परीक्षेच्या आधीच सांगून ठेवलंस? तू म्हणला होतास नापास झाला तर.

आज तो शाळेत गेला न्हाई. दप्तर टाकून शेळ्या घेऊन ओढ्याकडं गेला. मी डोक्यावर पदर घेऊन मागं गेले, ऊन लय होतं. बाभळीखाली बसला होता. म्हणाला, "जायचंच हाय तर कशाला ह शोधू?"

मी म्हणलं, "कुणी सांगितलं जायचंच हाय?"

"बाप म्हणला."

"बाप चाकणला हाय. मी इथं हाय. आन् मी म्हणते तू नववीला मानवतच्या मोठ्या शाळेत जाणार."

मग त्यानं इचारलं, "आजे, बापानं सातवीत शाळा काऊन सोडली? मुंजाजीचा आज्जा म्हणतो, तो तालुक्यात पयला येणार होता."

तुला जे सांगितलं होतं तेच मी त्याला सांगितलं. गैरहजेरी लय झाली, माणिकराव गुरुजींनी नाव कमी केलं.

तो म्हणाला, "मग गुरुजी वाईट होते."

मी उठले. शेळ्या वळवल्या. उद्या तो शाळेत जाणार, मी सोबत जाणार, फाटकापस्तोर. आन् तू परीक्षा होईस्तोवर त्याला फोन करू नको. ही मी इनंती करत न्हाई, सांगायलेय.

आई


९ एप्रिल

रामप्रसाद,

ह्या पत्रावर लाल पेन न्हाई. योगीराजला दाखवलं न्हाई, आन् दाखवलं असतं तरी त्यानं हातात घेतलं नसतं. कालपासून तो माझ्याशी बोलत न्हाई.

झालं असं. तो आता लय बरं वाचायलाय. दिपालीबाई खूश झाल्या, आन् त्यांनी बक्षीस म्हून त्याला शाळेचं जुनं रजिस्टर दाखवलं. म्हणाल्या, "बघ, तुझ्या वडिलांचं नाव शोध." त्या बिचारीला काय ठाऊक. जुन्या शाईचं, तिरकं, एकाला एक चिकटलेलं अक्षर, मोठ्या माणसाला लागत न्हाई. त्याला लागलं. फाटकात उभं ऱ्हाऊन बघावं तसं बोट ठेवून त्यानं तुझी सगळी ओळ वाचली. शेवटच्या रकान्यात लिवलं होतं, शाळा सोडल्याचे कारण, आईच्या अर्जावरून.

घरी आला. दप्तर बी काढलं न्हाई. म्हणाला, "आजे, बापाची आई म्हंजी तूच ना?"

मी त्याला वाचायला बसवलं आन् त्यानं पयलं मलाच वाचलं.

तो तुला सांगायच्या आधी मी सांगते. ते माझं काम हाय, त्याचं न्हाई.

तुझ्या बापाची मांडी मोडली ते साल. विहिरीच्या काठावरून पडला, तीन महिने बाजेवर. मेंढरं येलदरीकडं न्यायची होती, धरणाचं पाणी उतरलं की तिथं चारा निघायचा. मी एकली, कडेवर तुझी धाकटी बहीण. सत्तर वाटा शोधल्या, एक बी चालंना. तू सातवीत होतास, अंगानं दांडगा. माणिकराव गुरुजी तीनदा आले. स्कॉलरशिपचा फॉर्म घेऊन आले होते. म्हणाले, "भिवराबाई, दोन महिने कसंतरी काढा. पोरगं तालुक्यात पहिलं येईल. मी माझ्या घरी ठेवून घेतो त्याला." घरी ठेवतो म्हणाले, रामप्रसाद. तुला त्या वख्ताला मी कडबा आणायला धाडलं होतं.

मी म्हणलं, "त्यालाच शाळा नको वाटती."

शेवटी मीच शाळेत गेले, नाव काढायला. त्यांनी अर्ज लिवला, वाचून दाखवला, पेन पुढं केला. "सही येते ना तुम्हाला?"

येत होती. दोन वर्सं शाळा झालेली माझी, नाव तर कुठं बी लिवलं असतं. पर मी म्हणलं, न्हाई येत. त्यांनी शाईची डबी पुढं सरकवली, मी अंगठा लावला. सही केली असती तर ते मी केलं असं झालं असतं. अंगठा म्हंजी अडाणी बाई, तिला काय कळतंय. जांभळी शाई होती. लुगड्याला पुसली तर तो डाग लुगडं फाटस्तोवर गेला न्हाई.

आन् तुला सांगितलं, गुरुजींनी नाव कमी केलं.

गुरुजी वारले तवा तू गावात होतास आन् मातीला गेला न्हाईस. त्या दिवशी मी सांगायला पायजे होतं. त्यांचा काही गुन्हा नव्हता. सगळ्या गावात तुझी शाळा सुटू नये म्हून रडलेला तो एकलाच माणूस होता, आन् तू त्याला शिव्या दिल्यास, माझ्यामुळं.

दिवाळीला तू ओट्यावर म्हणलास, मला शाळेनं हाकललं. तवा मी खाली बघून तांदूळ निवडत होते. तुला वाटलं आई हट्टानं बोलत न्हाई.

बापाचं आजारपण खरं, मेंढरं खरी, चारा नव्हता ते बी खरं. पर खोटं बोलायची गरज नव्हती. माझी चुक झाली.

आता तू मला काय म्हणायचं ते म्हण. पर पोराला आणू नको त्याच्यात. माझा राग शाळेवर काढू नको. शाळेनं तुला हाकललं न्हाई. मी काढलं.

परीक्षा सोमवारपासून हाय.

तुझी आई
भिवराबाई धोंडीबा (ही सही हाय)


२ मे

रामप्रसाद,

निकाल लागला. योगीराज मराठीत गेला. थोडक्यात गेला. बाकी सगळ्यात पास हाय, गणितात तर बायनाबाईच्या नातीच्या पुढं.

तुला दैवशालानं सांगितलंच असंल, आन् तू पेटी बी काढली असशील. आधी हे वाच.

मी शाळेत गेले. बाईचे डोळे भरले होते. म्हणाल्या, "आजी, सगळा पेपर चांगला लिहिलाय. एक ह चुकला नाही. पण निबंध कोराच सोडला. दहा गुणांचा निबंध. विषय काय होता सांगू? माझी आजी."

घरी आल्यावर त्याला इचारलं. त्यानं बारकीचं दावं सोडलं, परत बांधलं. मग म्हणाला, "काय लिवू? खरं लिवू का खोटं?"

तर पोरगं ढ म्हून नापास झालं न्हाई. त्याच्या आजीमुळं झालं. हे मी दुसऱ्यांदा केलं, एकदा बापाला आन् एकदा लेकाला. पर दुसऱ्यांदा मी पदरानं शाई पुसत बसणार न्हाई.

त्याला समोर बसवलं आन् तुला लिवलं होतं ते सगळं तोंडानं सांगितलं. अंगठ्याचं बी. मधी त्यानं एकदाच इचारलं, "येत असून अंगठा लावलास?" म्हणलं, हो. तो उठून शेळ्यांना पाणी पाजून आला. मला वाटलं संपलं. आला तो लाल पेन घेऊन. म्हणाला, "तुझी एक चोरी मला बी ठाऊक हाय. फेब्रुवारीपासून तू मुद्दाम चुकायलीस."

मी म्हणलं, "कशावरून?"

"एका पत्रात सगळीकडं 'आमी' आन् शेवटी एकदाच 'आम्ही'. ज्याला येत न्हाई त्याची चूक सगळीकडं सारखी असती. मी मुंजाजीला बी सांगितलं न्हाई. म्हणलं, आजीला बरं वाटायलंय तर वाटू दे."

अडीच महिने त्यानं मला सांभाळून घेतलं, आन् मी समजत होते मी त्याला सांभाळायलेय.

मुंजाजी आन् आदिनाथ पास झाले. तरी रोज येतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत, ऊन उतरल्यावर. योगीराज रोज एक निबंध लिवतो आन् ते दोघं लाल पेन चालवतात. आधी तो त्यांना शिकवायचा, आता ते त्याला. विषय मी देते. शेळी, विहीर, एसटी, आजोबाची मांडी मोडली तो दिवस. खरं तेच लिवायचं, एवढीच अट.

जूनमधी परत परीक्षा हाय. तुझं बोलणं मी मोडत न्हाई. जूनला नापास झाला तर घेऊन जा. पर जून अजून यायचा हाय.

आई


१२ जून

चि. रामप्रसाद,

आशीर्वाद. आधी हे सांगते, तुझं पाकीट मिळालं.

पोस्टमन म्हणाला, "आजी, चाकणहून आलंय." हात लावला तर आत माझाच कागद लागला, मी घडी घातली तशीच घडी. मला वाटलं, न वाचता परत धाडलं. तिथंच ओट्यावर बसले. शेजारून बायनाबाई म्हणाली, "काय गं, कुणी गेलं का?" मी म्हणलं, "पाणी आण."

मग उघडलं.

माझं एप्रिलचं पत्र, आन् त्याच्यावर लाल पेन. सगळ्या "न्हाई" सरळ केल्यास. "हाय" मागं नेलास. "म्हून" मधी ण घातलास, "पयलं" मधी ह आणून बसवलास. येलदरीच्या ओळीत, गुरुजींच्या ओळीत, अंगठ्याच्या ओळीत, कुठं बी एक शब्द बाइर ठेवला न्हाईस. आन् खाली, जिथं मी लिवलं होतं माझी चुक झाली, तिथं "चुक" मधला चु तू लांब केलास. चू.

बाकी एक अक्षर लिवलं न्हाईस. ना शिवी, ना खुशाली. मी तो कागद चारदा वाचला. राग असलेला माणूस एवढं बारीक वाचत न्हाई, न्हाईतर राग असलेलाच वाचतो, मला कळलं न्हाई. पर एक कळलं. तू फाटकात उभा ऱ्हाऊन माझं सगळं बोलणं एकेक करून आत घेतलंस.

योगीराजनं बघितलं. "आजे, ह्यो कुणाचा हात?"

"तुझ्या बापाचा."

तो कागद उजेडाला धरून लय वेळ बघत ऱ्हायला. म्हणाला, "ह्यातला 'वख्त' मला सापडला नसता. बापाला सापडला." तिथून पुढं तो कागद त्याच्या वहीतच होता. रोज बघायचा. मुंजाजीला हात लावू देत नव्हता.

पेपर झाला. त्यात पत्र आलं होतं लिवायला, पुस्तकवाल्याकडून शाळेसाठी पुस्तकं मागवायचं. असली पत्रं तर आपल्या ओट्यावर वाऱ्यावर उडायलीत. निबंध होता माझा आवडता प्राणी. कुणावर लिवला असंल ते तुला सांगायला नको. बाई म्हणाल्या, कानतुटकी शेळी दुसऱ्याच्या रानात कशी सापडती ते वाचून तपासणारे सर पेन ठेवून हसले.

पास झाला, रामप्रसाद. काल निकाल दिला. मी बाईसमोरच बारकीचं दूध आटवून केलेला खवा वाटला. बायनाबाईनं दोनदा घेतला आन् म्हणाली, "भिवरे, आता दोघं संगंच जातील एसटीनं. माझी नात तुझ्या नातवाला जागा धरंल." मी म्हणलं, "धरू दे. माझा नातू तिच्या चुका धरंल."

आता शेवटचं. मानवतच्या शाळेचा फॉर्म आणलाय. योगीराजनं सगळा भरला, त्याच्याच हातानं. खाली एक ओळ हाय, पालकाची सही. बाई म्हणाल्या, आजीची चालंल.

मी पेन उचलला आन् खाली ठेवला. ती जागा तुझी हाय. सव्वीस वर्सामागं एका कागदावर तुझ्या शाळेचं जे झालं त्यात तुला कुणी इचारलं न्हाई. ह्या कागदावर तुला इचारायलेय.

बावीस तारखेला सोमवार हाय, फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस. रविवारी रात्री पुण्याहून निघालास तर सकाळी पोचशील, फाट्यावर उतर. गुरुजींच्या घरी बी जायचं हाय, त्यांची बायको हाय अजून, तिला मी एकलीनं सांगायची हिंमत होत न्हाई.

आन् तू आला न्हाईस तर सोमवारी सकाळी मी सही करणार. शाईची डबी मागणार न्हाई. पोरगं नववीला जाणार म्हंजी जाणार.

तिळाचे लाडू संपले, मुंजाजीनं खाल्ले. नवे करीन.

तुझी आई
भिवराबाई

ता. क. आजीने हे पत्र मला तपासायला दिले. चुका पुष्कळ आहेत, काही मुद्दाम केलेल्या आहेत. मी एकही दुरुस्त केलेली नाही. लाल पेन ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवला आहे. तुम्ही आल्यावर आपण दोघे बसून करू.

योगीराज रामप्रसाद
इयत्ता नववी